नलूताई डोकं बघतात

आमचं सलून बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. पण दुबईत कुणाकडे सत्यनारायण असो नाहीतर पुण्यात कुणाच्या मुलीचं लग्न, जुन्या दोन-चार शारजावाल्या भेटल्या की फर्माईश ठरलेली. "अगं संध्या, तो नलूताईंचा किस्सा सांग ना!" मी विचारते, कुठला? एक असेल तर सांगू ना बाई! आम्ही काही गोळा करायला बसलो नव्हतो. बायकांची डोकी हातात घेऊन दिवसभर उभं राहिलं की किस्से आपोआप साठतात.

शारजाच्या रोल्ला भागात, बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका मल्याळी हॉटेलच्या वर आमचं लेडीज सलून होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दोघी मालकिणी मराठी. मी डोंबिवलीची, नलूताई मिरजेच्या. माझा नवरा बर दुबईत शिपिंग कंपनीत, नलूताईंचे मिस्टर रुवैसला रिफायनरीत. ते आठवड्यातून एकदा घरी यायचे. आम्ही दोघींनी भिंतींना रंग देण्यापासून ते नवरीच्या मेकअपपर्यंत सगळं स्वतः केलं. त्या गल्लीत तेव्हा बायकांनी चालवलेलं दुसरं दुकान नव्हतं. मी हे मान ताठ करून सांगते, कुणाला फुशारकी वाटली तर वाटू दे!

आमची खासियत म्हणजे नलूताईंची चंपी. आणि चंपी करता करता त्या डोकं बघायच्या.

म्हणजे उवा नव्हेत! फ्रेनॉलॉजी. कवटीवरचे उंचवटे आणि खळगे चाचपायचे आणि माणसाचा स्वभाव सांगायचा. कानामागे उंच असेल तर धाडसी, कपाळाच्या वर फुगीर असेल तर दयाळू, भुवईच्या टोकाशी भरलेलं असेल तर हिशेबात पक्का. दीड-दोनशे वर्षांपूर्वी विलायतेत म्हणे याचं फार खूळ होतं. नोकरी द्यायची तर डोकं बघा, मुलगी द्यायची तर डोकं बघा. मग डॉक्टर लोकांनी सांगितलं की हे सगळं थोतांड आहे, आणि तिकडे ते बंद पडलं. मिरजेला नलूताईंच्या वडिलांना मात्र ते बंद पडल्याचं कुणी कळवलं नाही. त्यांनी ते मुलीला शिकवलं, मुलीने शारजाला आणलं.

आणि हेच थोतांड एकदा आमच्या अंगाशी आलं. इतकं, की सलूनचं लायसन्स जाणार आणि नलूताईंना कायमचं मिरजेला पाठवणार, अशी वेळ आली. ते सांगतेच. पण आधीचं ऐकल्याशिवाय त्यातलं काही कळायचं नाही.

* * *

वडिलांकडे चिनी मातीचं एक डोकं होतं. पांढरंशुभ्र, टक्कल असलेलं, त्यावर निळ्या रेघांनी वाफे पाडलेले आणि प्रत्येक वाफ्यात एकेक गुण लिहिलेला. वडील गेल्यावर नलूताईंनी ते शालीत गुंडाळून हँडबॅगेतून आणलं.

शारजाच्या एअरपोर्टवर बॅग मशीनमध्ये गेली आणि स्क्रीनवर माणसाचं डोकं दिसलं! पट्टा थांबला. दोन ऑफिसर आले, मग तिसरा आला. शाल सोडली, डोकं टेबलावर ठेवलं. "ये क्या है?"

दुसरी कुणी असती तर रडली असती. नलूताईंनी त्या ऑफिसरकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "टोपी उतारिए, बताती हूँ."

त्याचा हात टोपीपर्यंत गेला होता म्हणे! मग त्याच्या लक्षात आलं की आपण ड्यूटीवर आहोत. "यल्ला, यल्ला, चलो चलो," म्हणत त्याने स्वतःच ते डोकं शालीत बांधून दिलं.

* * *

नलूताईंचा एक नियम होता. तेलाच्या हाताने फक्त चांगलं बोलायचं. काही वाईट सांगायचं असेल तर आधी बेसिनवर जाऊन साबणाने हात धुवायचे, कोरडे करायचे, आणि मग सांगायचं. का, तर वडील तसं करायचे.

त्यामुळे आमच्या सलूनमध्ये बेसिनची जी दहशत होती ती कुठल्या पोलीस चौकीचीही नसेल.

एकदा गोखलेबाई आल्या होत्या. नवरा मोठ्या बँकेत मॅनेजर, बाई अतिशय भित्र्या. आमची फिलिपिनो मुलगी जोसी त्यांच्या केसांना डाय लावत होती. अर्ध्या डोक्याला झाला होता. उरलेल्या अर्ध्याला नलूताई चंपी करत होत्या. मध्येच त्या थांबल्या, "हं..." म्हणाल्या आणि बेसिनकडे निघाल्या.

गोखलेबाई उठल्या आणि थेट जिना उतरून पळाल्या! गळ्यात प्लॅस्टिकचा एप्रन, अर्धं डोकं काळं, अर्धं पांढरं. खालच्या हॉटेलातले लोक परोटा तसाच हातात धरून बघत राहिले. जोसी टॉवेल घेऊन मागे. टॅक्सीच्या रांगेपाशी तिने बाईंना गाठलं.

वर आणून बसवल्यावर बाई हुंदके देत म्हणाल्या, "नलूताई, सांगून टाका. काय दिसलं?"

"कुठे काय? फोन वाजत होता," नलूताई म्हणाल्या. "तेलकट हाताने रिसीव्हर धरू?"

* * *

ही जोसी आमच्याकडे लागली त्याचीही गंमत आहे. आम्हाला मदतनीस हवी होती. दोघी आल्या, एक ग्रेस आणि एक जोसी. मी म्हटलं, दोघींना आयब्रो करायला लावू, जिचा हात चांगला ती ठेवू. नलूताई म्हणाल्या, "हात कशाला बघायचा? डोकं बघू."

डोकी बघितली. ग्रेस म्हणजे स्थैर्याचा पुतळा! "ही आयुष्यभर हलायची नाही." आणि जोसीच्या कानाच्या वर त्यांना लोभ सापडला. हात धुऊन मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "संध्या, ही चोरी करणार. लिहून ठेव."

ग्रेसला ठेवली. पगार व्हायच्या आत तिने लग्न ठरवलं आणि मनिलाला निघून गेली. खलास! मग मी गुपचूप जोसीला बोलावून घेतलं. ती शेवटपर्यंत राहिली. गल्ल्याची किल्ली तिच्याकडे, दुकानाची तिच्याकडे, माझ्या घराचीसुद्धा एक तिच्याकडे. कधी टाचणी इकडची तिकडे झाली नाही.

एक दिवस जोसीलाही सगळं सांगून मी तिच्यासमोरच मुद्दाम विषय काढला. "काय ताई, तुमचा लोभ कुठे गेला?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "सगळ्या किल्ल्या तिच्याकडेच आहेत. चोरायचं राहिलंय काय?"

* * *

माझी ईशा तेव्हा आठवीत. शाळेत सायन्स फेअर होती. घरी मराठीत काहीही विचारा, उत्तर इंग्रजीत. ती एकदा सलूनमध्ये येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "नलू आँटी, इट्स नॉट सायन्स. आय कॅन प्रूव्ह इट."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नलूताई खूश! "कर की प्रूव्ह!"

ईशाने त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. एकेक बाई आणून बसवायची, कुणी बोलायचं नाही, नलूताईंनी नुसतं डोकं चाचपून स्वभाव सांगायचा, ईशाने लिहून घ्यायचा. त्यात पोरीने डाव असा केला की एकच डोकं दोनदा बसवलं. पहिल्यांदा सकाळी, दुसऱ्यांदा जेवणानंतर. ते डोकं माझं!

सकाळी नलूताई म्हणाल्या, "ही फार शांत, सोशिक बाई आहे. गाय आहे गाय." दुपारी त्याच डोक्यावर हात फिरवून म्हणाल्या, "बाप रे! ही भांडकुदळ. हिच्या नवऱ्याची दया येते."

ईशाने पट्टी सोडली. "सी? सेम हेड! टू आन्सर्स!" पोरगी टाळ्या पिटत होती.

नलूताईंनी माझ्याकडे बघितलं, मग ईशाकडे. "अगं मग बरोबरच आहे ना! तुझी आई सकाळी शांतच असते. दुपारी सोफ्यावर तुझं दप्तर दिसलं की सुरू होते."

ईशाला बक्षीस मिळालं, पहिलं. नलूताईंनी ती ट्रॉफी महिनाभर सलूनच्या काउंटरवर मांडून ठेवली होती. येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायच्या, "आमच्या मुलीने मिळवली. मला खोटं पाडून!"

* * *

एकच डोकं त्या कधी बघत नसत. त्यांच्या मिस्टरांचं. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. रुवैसच्या उन्हात रापलेले, पूर्ण टक्कल, म्हणजे बघायला काही अडचण नाही! एका शुक्रवारी त्यांच्या घरी आम्ही सगळे जेवायला होतो. माझ्या नवऱ्याने खोडी काढली, "वहिनी, घरचंच डोकं एवढं मोकळं आहे, ते का नाही बघत?"

भाऊ आमरसाची वाटी खाली ठेवून म्हणाले, "ते सासऱ्यांचं बघून झालंय. लग्नाआधी. आळशी, हट्टी आणि बेभरवशी. स्थळ नाकारलं होतं त्यांनी."

मी म्हटलं, "ताई, मग तुम्ही?"

नलूताई पोळीला तूप लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तेव्हा यांचे केस फार दाट होते. बाबांचा हात पोचला नसेल."

* * *

आता सूसम्मा. ही केरळची नर्स. खालच्या हॉटेलच्या शेजारीच खोलीत तिघी-चौघींबरोबर राहायची. एका खासगी क्लिनिकमध्ये तात्पुरती लागली होती आणि सरकारी परीक्षा पास झाली तर पक्की नोकरी, नाहीतर व्हिसा संपणार. दोनदा नापास झाली होती. तिसरी संधी शेवटची. गावाकडे धाकट्या बहिणींची शिक्षणं हिच्या जिवावर. पोरगी इतकी सरळ, की आम्ही चुकून जास्त सुटे दिले तर जिना चढून परत आणून द्यायची. पाप लागेल म्हणायची.

परीक्षेच्या आधी ती येऊन खुर्चीत बसली. परीक्षेला बसणारच नाही म्हणाली. तिकीट काढते आणि जाते. रडून रडून डोळे सुजलेले. नलूताईंनी काही न विचारता तेल कोमट केलं. बराच वेळ नुसती चंपी. मग कानामागे बोटं थांबवली आणि ओरडल्याच, "अरे! ये क्या है? संध्या, इकडे ये, हात लावून बघ! इतकं मोठं धाडस मी जन्मात पाहिलं नाही. सूसम्मा, ये तो पहाड़ है पहाड़! तुम पास होगी. मेरे से लिखके लो!"

मी हात लावला. मला काय कळतंय त्यातलं? मी म्हटलं, "हो गं बाई, पहाडच आहे."

सूसम्मा परीक्षेला बसली आणि पास झाली. सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स! काळा कोळिकोडी हलवा घेऊन आली आणि नलूताईंच्या पाया पडली. तिने हॉस्पिटलभर सांगितलं. मग काय विचारता! नर्सेस, त्यांच्या बहिणी, इजिप्शियन टीचर, पाकिस्तानी भाभ्या, जिन्यापर्यंत रांग. चंपीचे तीस दिरहम, म्हणजे तेव्हाचे साडेतीनशे रुपये, बायका हसत द्यायच्या.

पण नाव झालं की डोळ्यांवर येतंच. तिथल्या कायद्याप्रमाणे आमचं लायसन्स ज्या स्थानिक अरब बाईच्या नावावर होतं ती उम्म सैफ, मोठी चांगली बाई, एक दिवस मुद्दाम भेटायला आली. म्हणाली, "नलू, लोग बोलते हैं तुम किस्मत बताती हो. इधर जादू मना है. जेल है. लायसन्स खलास, वीज़ा खलास. फिर मैं भी कुछ नहीं कर सकती."

नलूताईंना राग आला तो जेलचा नाही, जादू म्हटल्याचा. "जादू? ये शास्त्र है!"

* * *

आणि मग तो दिवस उजाडला. ईद जवळ आलेली, सलून खच्चून भरलेलं. कुणाच्या डोक्याला डाय, कुणाच्या हातांना ओली मेंदी, कुणाच्या चेहऱ्यावर पॅक. दार उघडून काळा पायघोळ अबाया घातलेली एक तरुण अरब बाई आत आली. हातात फाइल. म्युनिसिपालिटीची इन्स्पेक्टर.

"कंप्लेंट आया है," ती छान हिंदीत म्हणाली. "यहाँ कौन सर देखके किस्मत बताता है?"

मी नलूताईंचा दंड दाबला. उपयोग शून्य!

"किस्मत नहीं," नलूताई म्हणाल्या. "स्वभाव."

इन्स्पेक्टरने पेन काढलं. "और जो बोलती हो वो सच होता है? सच होता है तो जादू है. मुझे रिपोर्ट आगे भेजना पड़ेगा."

सलून, उम्म सैफ, नलूताईंचा व्हिसा, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. आणि तोंडातून आपोआप निघालं, "मॅडम, इनका बोला हुआ आज तक कभी सच नहीं हुआ!"

नलूताईंनी माझ्याकडे असं काही बघितलं, की मी ते अजून विसरले नाही.

पण जोसीला बरोबर कळलं. ती पुढे आली. "मॅडम, शी सेड आय ॲम थीफ!" आणि तिने किल्ल्यांचा जुडगाच इन्स्पेक्टरच्या नाकासमोर नाचवला. चेहऱ्याला मुलतानी माती थापलेली एक पाकिस्तानी भाभी ओठ न हलवता म्हणाली, "मुझे बोला तुम्हारी आवाज़ में शहद है. मेरे मियाँ से पूछो!" इजिप्शियन टीचर म्हणाली, हिने मला हिशेबात पक्की म्हटलं आणि मी दर महिन्याला उधारी करते. कोपऱ्यातून गोखलेबाई कधी नव्हे त्या उभ्या राहिल्या. आणि चक्क बोलल्यासुद्धा! "मुझे बोला, आप बहुत बहादुर हैं. मॅडम, मैं तो लिफ्ट में भी अकेली नहीं जाती!"

बायका हसायला लागल्या. इन्स्पेक्टरच्या ओठांच्या कडाही जरा हलल्या. माझा ऊर अभिमानाने भरून आला. देश वेगळे, भाषा वेगळ्या, आणि डोक्याला डाय लावलेल्या त्या बायका एका मिरजेच्या बाईसाठी वकिली करत होत्या! नलूताई मात्र लालबुंद. एकेका साक्षीला त्यांचं शास्त्र मातीत जात होतं.

तेवढ्यात दाराशी उभी असलेली सूसम्मा पुढे आली. ड्यूटीवरून थेट आलेली, पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये. तिने छातीवर क्रॉसची खूण केली आणि म्हणाली, "मॅडम, मेरे को बोला परीक्षा में पास होगी. मैं फेल हो गया."

इन्स्पेक्टरने तिच्याकडे बघितलं. मग तिच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे. सरकारी हॉस्पिटल, स्टाफ नर्स. मग पुन्हा तिच्याकडे. हसू सगळं थांबलं. सूसम्माने मान खाली घातली नाही.

"झूठ!" नलूताई ओरडल्या.

मी डोळे मिटून घेतले. संपलं, म्हटलं.

"ये झूठ बोलती है, मॅडम. मेरे लिए. ये पास हुई है. तीसरी बार में, रात-दिन पढ़के. इसको कोई फेल नहीं बोलेगा, ये खुद भी नहीं!" नलूताई सूसम्माच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. चुकलं असं जी बाई जन्मात कधी म्हणाली नव्हती ती सगळ्यांसमोर म्हणाली, "गलत मैं थी. इसके सर पे कुछ नहीं था. मैंने ऐसे ही बोल दिया."

"क्यों बोला?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"सपाट है बोलती तो ये परीक्षा को बैठती क्या, मॅडम?"

इन्स्पेक्टरने पेनाचं टोपण लावलं. "जादू नहीं है," ती म्हणाली. "लेकिन सर देखना आज से बंद. सिर्फ़ मसाज. खलास?"

"खलास," मीच घाईघाईने म्हणाले.

दार बंद झालं. सूसम्मा आरशासमोर गेली, केस बाजूला केले आणि कानामागे स्वतःचं डोकं हळूहळू चाचपायला लागली. या बाजूला, मग त्या बाजूला.

"ताई," तिने विचारलं, "एकदम सपाट?"

"एकदम," नलूताई म्हणाल्या. "तरी पास हुई ना!"